आठ बोटांचं गाणं

गेल्या महिन्यात, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन आले. संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात माझ्या कादंबरीतला एक भाग वाचायचा होता. ज्या शेडवर मी एवढं मोठं पुस्तक लिहिलं, त्या शेडकडे मी कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. वाचण्याआधी एकदा बघून यावं असं वाटलं.

तिथं आता गाड्या धुतात. पत्रे तेच आहेत, फक्त निळे रंगवलेत. जिथं वाळूचा ढीग असायचा तिथं पांढऱ्या फेसाचं तळं साचलं होतं. हवेत लिंबाचा वास होता, बाटलीतल्या लिंबाचा. एका माणसाने पाण्याची नळी बंद करून मला विचारलं, "ताई, गाडी कुठाय?"

मी म्हटलं, गाडी नाही आणली. माझी आई इथं कामाला होती, म्हणून बघायला आले.

त्याने मागं वळून शेड पाहिली, जणू तिथं कुणाची आई कुठल्या कोपऱ्यात मावली असेल हे त्याला शोधायचं होतं. काय करायच्या, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कोर. त्याला ते कळलं नाही. मग त्या फेसात उभं राहून मी त्याला समजावून सांगितलं. लोखंडाच्या ओतकामात जिथं पोकळी हवी असते तिथं आधी वाळूचा घट्ट, भाजलेला आकार ठेवतात. त्याच्याभोवती तापलेलं लोखंड ओततात. लोखंड निवलं की ती वाळू फोडून टाकून देतात. त्या वाळूच्या आकाराला कोर म्हणतात. पाण्याच्या पंपाला जे पोट असतं, ते आधी कुणीतरी हाताने वाळूत घडवलेलं असतं.

"म्हंजे केलेलं सगळं फोडूनच टाकायचं?" तो म्हणाला.

हो, म्हटलं.

आई हेच फार मजेत सांगायची. गडी लोखंड ओतत्यात, आतली भोकं आमी करतो, असं म्हणायची आणि शेडमधल्या अकराच्या अकरा बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट शेडवर यायची आणि भट्टीच्या उबेला पोत्यावर बसून अभ्यास करायची. बायका का हसतात ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्या वाळूत मळी मिसळायचे. साखर कारखान्यातली, काळी, चिकट मळी. म्हणजे आमच्या शेडला वास यायचा तो गुळाचा, पण करपलेल्या गुळाचा. कसबा बावड्याच्या कारखान्याकडून वारा आला की गाळपाच्या हंगामात सगळ्या कोल्हापूरला गोडसर वास यायचा, आणि आमच्या शेडमधला वास त्यातच मिसळून जायचा. आई घरी आली की तिच्या केसांतून तो उतरायचा नाही. लहानपणी एकदा मी तिच्या केसात नाक खुपसून गूळ मागितला होता. त्याचं तिने दुसऱ्या दिवशी शेडवर गाणं केलं.

पोरीनं हुंगलं केसाला, म्हणती आई गूळ कुठाय
गुळाचं नुसतं नाव बाळे, तोंडात बघ, वाळू हाय

गाणी अशीच व्हायची. कुणी बसून रचत नव्हतं. एकीने एक ओळ टाकायची. ती दिवसभर सगळ्यांच्या तोंडात फिरायची, घासून गुळगुळीत व्हायची. दुसऱ्या दिवशी दुसरी कुणीतरी तिची जोड घेऊन यायची. चाल कामातून यायची. लाकडी पेटीत वाळू भरताना तोंड मिटलेलं असायचं, कारण उघडलं तर वाळू आत जाणार. पेटी भरली की वर लाकडी ठोकणीने ठोकायचं, आणि तेवढ्या वेळात गायचं. भरताना गप्प, ठोकताना सूर. पुढं मी छंद आणि वृत्तं शिकले, मात्रा मोजल्या, यतीची जागा पाठ केली. पण ओळ कुठं थांबते आणि का थांबते, हे मला त्या अकरा पेट्यांनीच शिकवलं होतं.

मुमताजभाभीचा आवाज सगळ्यांत मोठा. ती आमच्याच गल्लीतली. तिचा नवरा गाद्या भरायचा. वाळूने तिचा गळा खरवडलेला होता, आणि तो खरखरीतपणा गाण्यात असा काही भरायचा की पलीकडच्या भट्टीवरचे गडी घमेलं खाली ठेवून ऐकत उभे राहायचे. रमजानात ती दिवसभर पाण्याचा घोटही न घेता ठोकत बसायची. त्या महिन्यात बाकीच्या बायका डबे घेऊन शेडच्या मागं, तिच्या नजरेआड जेवायच्या. तिने कधी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती स्टीलच्या किटलीतून शीरखुर्मा आणायची, आणि झाकणात ओतून प्यायलेल्या त्या दोन घोटांची चव आजवर कुठल्याच शीरखुर्म्याला आलेली नाही.

थंडीत शेड स्वर्ग व्हायची. कोर भाजायच्या भट्टीत बायका रताळी सारायच्या, आणि साल काढताना बोटांना मळीचा अन् रताळ्याचा एकच गोडवा लागायचा. उन्हाळ्यात तेच पत्रे जीव घ्यायचे. पावसाळ्यात वाळू ओल धरायची, कोर हातातच भुगा व्हायचे, आणि साहेबाचा आवाज चढायचा. साहेब म्हणजे शेडवर देखरेख करणारा माणूस. खूप वाईट होता असं नाही म्हणणार. वरच्यांना घाबरायचा आणि ती भीती खाली आमच्यावर रिकामी करायचा.

आणि गंगव्वा. ती सीमेलगतच्या नेसरीची. बोलण्यात अर्धं कानडी, हसताना मान मागं टाकायची, आणि कुणालाही, अगदी साहेबालाही, ए-जा करायची. शेडमधल्या सगळ्या चांगल्या ओळी तिच्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

वाळू मळायचं एक यंत्र होतं. मोठ्या परातीत दोन जड चाकं गोल फिरायची. बायका त्याला चक्की म्हणायच्या. गंगव्वाच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या चक्कीत गेली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ते कसं झालं हे मी कधी विचारलं नाही आणि बायकांनीही कधी सांगितलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी दुपारी शेडवर आले तेव्हा एकही ठोकणी वाजत नव्हती. चक्कीशेजारच्या जमिनीवर कुणीतरी कोरडी वाळू टाकली होती, आणि आई नळाखाली हात धरून उभी होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती नळ बंद करत नव्हती.

श्रावण संपता संपता गंगव्वा परत कामावर आली. हाताला फडकं गुंडाळलेलं. पहिले काही दिवस ती बोलली नाही. ठोकणी तिच्या हातातून निसटायची. मग तिने ती डाव्या हातात धरायला सुरुवात केली. आणि एका सकाळी, पेटी भरून झाल्यावर, तिने ओळ टाकली.

चक्कीबाई चक्कीबाई, मळ गं वाळू बारीक
दोन बोटं घेतलीस माझी, सांग कुठली तारीख

शेडमधली प्रत्येक बाई ती तारीख विचारायचं कारण जाणून होती. अपघाताच्या वहीत त्या दिवशी काहीच लिहिलं गेलं नव्हतं. ते पान कोरं होतं, म्हणजे कारखान्याच्या लेखी अपघात झालाच नव्हता. पुढची जोड दोन दिवसांनी आली.

कुणाच्या वहीत लिवलं न्हाय, कुणी ठेवली न्हाय खूण
आठ बोटांनी ठोकतो कोर, आयक माझी धून

मुमताजभाभीने ती गायली तेव्हा मी पिशवीतून कॉलेजची वही काढली. मी वहीच्या मागच्या पानावर चारही ओळी उतरवून घेतल्या.

मी तेव्हा कविता करायची. चांदणं, प्राजक्त, न आलेलं कुणीतरी. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सरांना त्या आवडायच्या. ते मनापासून शिकवायचे, पुस्तकं द्यायचे, आमच्या घरची परिस्थिती विचारायचे. त्यांच्यामुळे मी वाचायला लागले हे मी आजही मानते. मी त्यांना त्या चार ओळी दाखवल्या. त्यांनी दोनदा वाचल्या, चष्मा काढला आणि म्हणाले की कच्चा माल चांगला आहे. पण कवितेत बोटं 'घेतलीस' नको, 'अर्पिली' म्हण. आणि बोलणारी स्त्री आहे, तेव्हा 'ठोकतो' नाही, 'ठोकते' हवं. मी म्हटलं, आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. ते हसले. गाणं आणि घाण एका ताटात वाढू नये, म्हणाले.

मी हट्टाला पेटले. एक अक्षर बदलणार नाही म्हटलं. तासभर वाद झाला आणि शेवटी तेच थकले. जसंच्या तसं कॉलेजच्या वार्षिक अंकात घ्यायचं त्यांनी कबूल केलं. जाता जाता त्यांनी विचारलं, "तुझीच ना?"

मी हो म्हटलं.

का म्हटलं, याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधते आहे. खोटं बोलतेय असं तेव्हा वाटलंही नव्हतं. लिहून मी घेतलं, भांडले मी, एकही अक्षर पडू दिलं नाही मी. गाण्यात काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते फक्त खालचं नाव.

अंक छापून आला तो दिवस मला शेडच्या वासासकट आठवतो. मी धावतच आले. जेवणाची सुट्टी होती. अकराही जणी पोत्यांवर गोल करून बसल्या होत्या. भाकरी, खर्डा, कुणाच्या डब्यातली वांग्याची भाजी. वाचता येणाऱ्या दोघीच, आई आणि मुमताजभाभी. मी अंक भाभीच्या हातात दिला. तिने हात पदराला पुसले आणि मोठ्याने वाचलं. बायका खुळ्यागत हसायला लागल्या. आपलं गाणं छापून येतं ही गोष्टच त्यांना नवी होती. एकीने तर पानावर हात फिरवून बघितला.

मग गंगव्वाने विचारलं, खाली काय लिवलंय.

भाभी थांबली. तिने माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. "बेटीचं नाव हाय," ती हळू म्हणाली.

गंगव्वा रागावली नाही. भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला, हातावरचं फडकं सोडलं आणि बोटांची ती दोन थोटकं माझ्यासमोर धरली. तोवर मी ती उघडी पाहिली नव्हती.

"बोटं तुजी गेली व्हय गं?" ती म्हणाली.

आई उठून माझ्यापाशी आली. मला वाटलं जवळ घेईल. तिने अंक उचलला आणि माझ्या हातात परत दिला. नीट करून आण, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले आणि खरं ते सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, यात एवढं काय, ही तर लोकगीतं, त्यांना कवी नसतो, ती सगळ्यांची असतात. मी म्हटलं, सर, या गाण्याला कवी आहे. ती नेसरीची आहे आणि तिला आठ बोटं आहेत. अंक छापून झालाय, आता काही करता येणार नाही, असं ते म्हणाले. त्याच कवितेला येत्या स्नेहसंमेलनात द्यायचं बक्षीस जाहीर झालं होतं.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी मी गंगव्वाला विचारलं, स्टेजवर तुझं नाव घेतलं तर चालेल का. आई मध्येच म्हणाली की नाव बाहेर गेलं तर साहेब हिला काढून टाकेल. ते खरंच होतं. गंगव्वाने ठोकणी खाली ठेवली.

"काडू दे की. बोटं काय परत येणार हाईत? तू घे नाव. मोठ्यानं घे."

मी घेतलं. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी स्टेजवर गेले आणि माईकसमोर म्हणाले की ही कविता माझी नाही, मी खोटं बोलले. ही गंगव्वाची आहे, हिचा सूर मुमताजभाभीचा आहे, हिचा ताल माझ्या आईचा आहे आणि बोटं खरोखरची गेली आहेत. पहिल्या रांगेत सर खाली बघत होते. मागून कुणीतरी शिट्टी मारली, ती कौतुकाची की टवाळीची ते आजही माहीत नाही. बक्षीस न घेता मी खाली उतरले.

कोल्हापुरात गोष्ट दडून राहत नाही. चार दिवसांत साहेबाला कळलं. त्याने शेडमध्ये गाणं बंद केलं. कामात खंड पडतो म्हणाला. मग गंगव्वाला बोलावून एक टाईप केलेला कागद पुढं केला आणि अंगठा कर म्हणाला. तिने तो मुमताजभाभीकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं की माझी दोन बोटं घरी वैरण कापताना गेली.

"माज्या खोलीत म्हस न्हाय," गंगव्वा साहेबाला म्हणाली. "वैरण कुणाला कापू? तुला?"

दुसऱ्या दिवशी तिला फाटकातून आत घेतलं नाही. आई, मुमताजभाभी आणि बाकीच्या आठजणी तिच्या मागोमाग पोचल्या. फाटक त्यांच्यासाठी उघडं होतं. त्यांनी आपसात काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. आईने डबा पिशवीतून काढला, त्याचं झाकण काढलं आणि फाटकाबाहेरच्या दगडावर बसली. मग सगळ्याच बसल्या. ठोकण्या आत होत्या, म्हणून त्यांनी झाकणांवर ताल धरला. चक्कीबाई चक्कीबाई.

मी कॉलेजला दांडी मारून तिथं उभी होते. सगळे शब्द येत असूनही गप्प होते. आता तोंड उघडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटत होतं. आईने झाकण वाजवता वाजवता मान वर केली. "तोंड हाय न्हवं?" म्हणाली. मग मीही बसले आणि गायले.

सकाळच्या भोंग्यापासून दुपारपर्यंत ते एकच गाणं चाललं. उन्हात झाकणं चमकत होती. समोरच्या वर्कशॉपमधले कामगार बाहेर आले. चहावाल्याने न मागता चहा आणून ठेवला. मुमताजभाभीचा गळा बसला, मग दुसरी गायला लागली, मग तिसरी. आत भट्टी तापली होती, साचे मांडून तयार होते, आणि त्यात ठेवायला कोर नव्हते. कोर नसतील तर लोखंड ओतून पंप होत नाही, ढेकूळ होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजलं की माझी आई रोज घडवत होती ती पोकळी किती वजनदार होती.

जेवणाच्या सुट्टीला साहेब बाहेर आला. हातात अपघाताची वही होती. त्याने ती फाटकाच्या खांबावर ठेवली, पेन उघडलं आणि गंगव्वाकडे न बघता विचारलं, कुठली तारीख.

"श्रावणातला दुसरा सोमवार," ती म्हणाली.

त्याने आत माणूस पाठवून कॅलेंडर मागवलं. बोट ठेवून तारीख शोधली आणि लिहिली. मुमताजभाभीने मागून वाकून वाचली, अक्षरन् अक्षर, आणि मान डोलावली. मग गंगव्वासकट सगळ्या आत गेल्या. महिन्याभरात चक्कीला जाळी बसली.

त्यानंतर एकदा आईने गंगव्वाला विचारलेलं आठवतं, की आता तारीख लागली, ती ओळ बदलायची का. गंगव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वहीला इसर पडतो."

शेड पुढं फार वर्षं टिकली नाही. कोर घडवणारी यंत्रं आली आणि हातांची गरज संपली. एकेक बाई कमी होत गेली. आईला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. मुमताजभाभीने शिलाईचं मशीन घेतलं. गंगव्वा नेसरीला परतली. निरोपाचं असं काही झालं नाही. शेवटच्या दिवशी भट्टीत रताळी भाजली होती एवढं खरं. त्यानंतर तो वास मला कुठंच भेटला नाही. हंगामात बावड्याकडून वारा येतो, गोड येतो, पण त्यात करपलेलं काही नसतं. कधी कधी मी गॅलरीत उभी राहून उगाच खोल श्वास घेते.

मी शिक्षिका झाले. प्राजक्तावर पुन्हा लिहिलं नाही. शेडची कादंबरी लिहायला मला नऊ वर्षं लागली. गाणी मी जिथं होती तिथंच ठेवली, कामाच्या मधोमध, वाळू भरणं आणि ठोकणं यांच्या मध्ये. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादकांना कादंबरी आवडली. फोनवर बराच वेळ बोलले. एवढं रोखठोक वास्तव मराठीत कमी येतं, म्हणाले. फक्त गाणी काढा. वाचकाचा श्वास अडकलेला असतो आणि मध्येच बायका गायला लागतात, त्याने धार जाते. खऱ्या आयुष्यात असं होत नाही.

फोन ठेवल्यावर मला सरांची आठवण आली. ते म्हणाले होते, घाणीने गाणं बिघडतं. हे म्हणत होते, गाण्याने घाण बिघडते. ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटलीही नसतील, पण दोघांनी मिळून माझ्या आईची वाटणी केली होती. एकाला ती गाणारी हवी होती, पण हात धुतलेली. दुसऱ्याला हात काळे असलेली हवी होती, पण गप्प. मी संपादकांना पत्र लिहिलं की गप्प बायकांवर लिहायचं तर मला दुसरी शेड शोधावी लागेल, माझ्या आईच्या शेडमध्ये तशी एकही नव्हती. हस्तलिखित परत आलं. मग आणखी दोन ठिकाणांहून आलं. शेवटी कोल्हापुरातल्याच एका छोट्या छापखान्याने ते पुस्तक काढलं, जिथं एरवी लग्नपत्रिका छापतात. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. त्यांतल्या सहाजणी आता नाहीत.

तर गेल्या महिन्यातल्या त्या संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पहिल्या रांगेत आई, तिच्या शेजारी मुमताजभाभी, आणि तिच्या पलीकडं गंगव्वा. ती सकाळच्या एसटीने नेसरीहून एकटी आली होती. पाठीत वाकलीय, पण मान तशीच मागं टाकून हसते. मी फाटकाबाहेरच्या त्या दिवसाचं प्रकरण वाचलं. चार ओळी आल्या तेव्हा मी त्या वाचल्या नाहीत, गायले. माझा आवाज बरा नाही. तरीही गायले.

प्रश्नोत्तरात एक तरुण उठला. पुस्तकांवर लिहितो, मन लावून वाचतो. त्याने अगदी अदबीने विचारलं की इतक्या कष्टात, बोटं तुटत असताना बायका गात होत्या हे थोडं रम्य करून सांगितलेलं नाही का. दुःख गोड करण्याचा हा प्रकार नाही का.

माझं उत्तर तयार होतं. पण गंगव्वा उठली. कुणाचा आधार न घेता तीन पायऱ्या चढली आणि तिने माझ्या हातातला माईक घेतला.

"पावणं," ती म्हणाली, "दात दुखला की तुमी कण्हता का न्हाय? आमी ताल धरून कण्हायचो. एकटं कण्हलं तर कोण आयकतंय? अकराजणी कण्हल्या तर साहेबाला वही घिऊन भाईर यावं लागतंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, आजी, तुमच्या तोंडून ते चक्कीचं गाणं होऊ दे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही तेच हवं होतं. मी डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर मला तो वास हवा होता, ते पत्रे हवे होते, त्या दुपारी परत हव्या होत्या.

गंगव्वाने मान हलवली. "ते कशाला आता? तारीख लागली की त्येची."

मग तिने सांगितलं की तिची नात एमआयडीसीत औषधाच्या पुड्या भरायच्या कामाला जाते. मोबाईल कपाटात ठेवून घेतात. दिवसभर उभं राहायचं. शेजारणीशी बोललं तर वरून आवाज येतो. एवढं सांगून तिने डाव्या हाताने टेबलावर ठोका दिला, आणि वाचनालयाच्या त्या सभागृहात, थोर माणसांच्या तसबिरींखाली, तिने गळा काढला.

डोक्यावर कॅमेरा, टकामका बघतोय
मुतायला गेलं तरी मिंटं मोजतोय

कार्यक्रमाच्या अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. कुणीतरी फस्सकन हसलं. दोन-तीन तरुण मुली मात्र हसल्या नाहीत, त्या खुर्चीत पुढं सरकल्या. पहिल्या रांगेत आईची बोटं खुर्चीच्या हातावर वाजायला लागली होती. मुमताजभाभीने बसक्या गळ्याने ओळ उचलली. तीच ओळ पुन्हा झाली, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळी मागून नवे आवाज आले.

मी पुढच्या ओळीची वाट बघत होते. सगळेच बघत होते. गंगव्वा थांबली.

"फुडची जोड अजून झाली न्हाय," ती म्हणाली. "रविवारी नातीला सुटी हाय. बसतो दोघी."

आणि माईक माझ्या हातात देऊन ती पायऱ्या उतरून आपल्या जागेवर जाऊन बसली.